तुवालूची एनओसी कुणाच्या हातात?

तर तुवालू. नकाशात शोधायला गेलात तर पटकन सापडणार नाही, हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधे, सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर आणि माणसं अकरा हजारांच्या आसपास. राजधानी फुनाफुटीत संध्याकाळी विमानतळाच्या धावपट्टीवर पोरं खेळतात, कारण सलग मोकळी जागा अशी तेवढीच आहे हो.

या एवढ्याशा देशाबरोबर ऑस्ट्रेलियानं नोव्हेंबर २०२३ मध्ये एक करार केला, फालेपिली युनियन. फालेपिली म्हणजे त्यांच्या भाषेत शेजारधर्म. नाव ऐकून वाटतं की वाटीभर साखरेच्या देवाणघेवाणीचं काम असेल, आणि थोडंफार ते आहेही, म्हणजे दरवर्षी २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात राहायला, शिकायला, नोकरी करायला व्हिसा, आणि समुद्र वर चढत चालला असताना ही काही लहान गोष्ट नाही. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा घरच्यांसकट आठ हजारांवर नावं आली. अकरा हजारांतून आठ हजार! म्हाडाला पण लाजवेल असा आकडा. वर असंही लिहिलंय की जमीन पाण्याखाली गेली तरी देश म्हणून तुवालू कायम.

पण मजा कलम ४ मध्ये आहे. हल्ला झाला, मोठं संकट आलं तर ऑस्ट्रेलिया मदतीला येणार, ठीक. आणि तुवालूला दुसऱ्या कुणाशी संरक्षण, पोलीस, सायबर, बंदर, वीज, टेलिकॉम यातलं काही ठरवायचं असेल तर आधी ऑस्ट्रेलियाशी एकमत झालं पाहिजे. सोसायटीची एनओसीच झाली की ही! चीनचं नाव न घेता चीनला दार बंद.

एवढी घाई का, तर एप्रिल २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी, म्हणजे त्याच भागातल्या एका देशानं, चीनशी सुरक्षा करार केला आणि ऑस्ट्रेलियाची झोप उडाली. मग तुवालू, डिसेंबर २०२४ ला नाउरू, ऑक्टोबर २०२५ ला पापुआ न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाच्या करारांची रांगच लागली. नाउरूनं तर २०२४ च्याच जानेवारीत तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले होते, आणि डिसेंबरात ऑस्ट्रेलियाकडून पाच वर्षांसाठी १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर पदरात पाडून घेतले. याला म्हणतात भाव करणं.

एक चिठ्ठी आलीय, ‘ही तर तैनाती फौजच झाली, वसईचा तह.’ वास येतो खरा. बाजीरावालाही परक्यांशी बोलायच्या आधी कंपनीला विचारायचं होतं. पण तुवालू बारा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो, बाजीरावाला ती सोय नव्हती. आणि तिथेही हे सगळ्यांना पटलेलं नाही बरं का. माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा यांनी उघड विरोध केला, सही करणारे पंतप्रधान कौसेआ नातानो जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत स्वतःची जागाच हरले, नव्या सरकारनं सार्वभौमत्वाबद्दल कुरकुर केली, पण करार ठेवला आणि ऑगस्ट २०२४ ला तो लागू झाला.

तिथल्याच आणखी एका बेटांच्या देशाचं, वानुआटूचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज तिथं गेले, करार होणार अशी हवा होती, रक्कम दहा वर्षांत ५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. पण वानुआटूच्या काही मंत्र्यांना शंका आली की उद्या बंदर-रस्त्यांसाठी दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे तर अडचण होईल. अल्बानीज सही न घेताच परतले.