जवस दळल्याशिवाय खाऊ नका: मासे न खाता ओमेगा-३ कुठून आणि किती

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर चार वाट्या: जवस, कारळं, तीळ, बदाम. शेजारी मिक्सरचं लहान भांडं आणि पिठाची चाळणी.)

नमस्कार मंडळी. "आम्ही मासे खात नाही, मग ओमेगा-३ कुठून आणायचं?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतो. त्याच्याखाली लगेच कुणीतरी उत्तर देतं, "रोज बदाम खा." म्हणून आज बदामापासूनच सुरुवात करू. बदामात ओमेगा-३ जवळजवळ नसतंच. बदाम इतर कारणांसाठी जरूर खा, पण ओमेगा-३ साठी त्यावर विसंबू नका. सुक्या मेव्यात या कामाचा एकच, अक्रोड. सात अख्खे अक्रोड, म्हणजे साधारण २८ ग्रॅम गर खाल्ला की अडीच ग्रॅम ओमेगा-३ मिळतं.

आता मूळ माहिती भरभर सांगते, कारण ती तुम्ही ऐकलेली असणार. आपल्या शरीराला दोन मेदाम्लं, म्हणजे तेल-तुपातल्या चरबीचे घटक, स्वतः तयार करता येत नाहीत. लिनोलेइक आम्ल, हे ओमेगा-६. आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल, हे ओमेगा-३. त्याला आपण पुढे 'एएलए' म्हणू. १९२९-३० मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबी पूर्ण काढलेलं खाणं दिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली, आणि योग्य तेलाचे थोडे थेंब दिल्यावर ते सुधारले. तेव्हापासून यांना अत्यावश्यक मेदाम्लं म्हणतात.

रोज किती लागतं? अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे एएलए पुरुषाला १.६ ग्रॅम, स्त्रीला १.१ ग्रॅम, गरोदरपणात १.४ ग्रॅम. मासे अजिबात न खाणाऱ्यांनी याच्या दुप्पट धरावं असं अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. का, ते पुढे येईल.

ओमेगा-६ ची काळजी आपल्याकडे करायला नको. हिशोब बघा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपतं असं धरा. माणशी रोजचे साधारण २३ ग्रॅम झाले. तेल सूर्यफुलाचं असेल तर त्यातून जवळपास १४ ग्रॅम लिनोलेइक आम्ल पोटात गेलं. करडईचं असेल तर १७ ग्रॅम. स्त्रीची गरज १२ ग्रॅमची, पुरुषाची १७ ग्रॅमची. म्हणजे फोडणीच्या तेलातच काम झालं. दाण्याचं कूट, तीळ, गव्हाची पोळी अजून मोजलेली नाही.

(पडद्यावर: १०० ग्रॅममध्ये एएलए. जवस सुमारे २२ ग्रॅम, चिया सुमारे १८ ग्रॅम, अक्रोड ९ ग्रॅम. तीळ, शेंगदाणे, कारळं, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया: नगण्य.)

ही पाटी थोडा वेळ थांबवून वाचा. 'सीड मिक्स' नावाची पाकिटं घेऊन "आमचं ओमेगा-३ झालं" म्हणणारे खूप जण आहेत. त्या पाकिटात निम्म्याहून जास्त भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया असतील, तर तुम्ही पैसे देऊन आणखी ओमेगा-६ च विकत घेतलंय. चटण्यांचंही तसंच. आपल्या ताटात डावीकडे तिळाची, कारळ्याची, शेंगदाण्याची आणि जवसाची अशा चार कोरड्या चटण्या फिरतात. चारही तेलबियांच्या, चारही चवदार. पण ओमेगा-३ फक्त जवसाच्या चटणीत. कारळ्याच्या तेलात बहुतांश लिनोलेइक आम्लच असतं.

आता जवस. विदर्भात रब्बीत पिकणारं, किराणा दुकानात सहज मिळणारं, आणि अक्रोडाच्या तुलनेत फारच स्वस्त. एक मोठा चमचा, म्हणजे आपला पोह्याचा चमचा, सपाट भरून दळलेलं जवस घेतलं तर ते साधारण ७ ग्रॅम भरतं. त्यात १.६ ग्रॅम एएलए. दोन चमच्यांत ३.२. एका प्रौढ माणसाचा दिवसाचा प्रश्न संपला.

पण 'दळलेलं' हा शब्द मी मुद्दाम म्हणाले. आज मला जर एकच गोष्ट सांगायची परवानगी असती, तर मी हीच सांगितली असती.

(जवसाचे दाणे हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ)

हा दाणा बघा. गुळगुळीत, चकचकीत, घट्ट सालीचा. आपल्या आतड्यातल्या पाचकरसांना ही साल फोडता येत नाही. दाणा दाताखाली फुटला नाही तर तो आत जातो तसाच बाहेर पडतो. माणसांना अख्खं आणि दळलेलं जवस देऊन रक्तातलं एएलए मोजलंय. दळलेल्याने पातळी वाढते, अख्ख्याने जवळपास हलत नाही. तेव्हा जेवणानंतर भाजलेल्या जवसाची मुखवासासारखी चिमूट तोंडात टाकून, दोनदा चावून गिळत असाल, तर तुम्हाला चोथा मिळतोय, पोट साफ होईल, पण ओमेगा-३ धरू नका.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. "आम्ही रात्री भिजवून सकाळी पितो, मग तर चालेल ना?" हे वाक्य दर आठवड्याला येतं. भिजवल्यावर जवसाभोवती बुळबुळीत थर येतो, त्यामुळे दाणा मऊ झाला असं वाटतं. तो थर सालीच्या बाहेरच्या डिंकासारख्या द्रव्याचा असतो. तेल असतं आतल्या डाळीत, सालीच्या आत. भिजवलेला दाणा तर उलट जास्त घसरतो, दाताखाली येतच नाही. भिजवायचंच असेल तर आधी दळा, मग भिजवा. चियाचं कवच जवसापेक्षा पातळ असतं, तरी तेही दळूनच जास्त चांगलं अंगी लागतं. आणि कृपा करून सब्जाला चिया समजू नका. फालुद्यातला सब्जा तुळशीच्या कुळातलं वेगळं बी आहे, त्यासाठी चियाचे आकडे वापरायचे नाहीत.

तिसरी बाजू स्वयंपाकघरातली. चटणी आपण दळतोच, मग अडचण कुठे येते? मिक्सरमध्ये. भांडं काठोकाठ भरलं की खालचं पीठ होतं आणि वरचे दाणे नुसते नाचत राहतात. चटणीत ते दिसत नाहीत, कारण तिखटाच्या रंगात लपतात. एकदा करून बघा. दळलेलं जवस पिठाच्या चाळणीतून चाळा आणि वर काय उरतं ते बघा.

(चाळून दाखवणे. चाळणीत उरलेले अख्खे दाणे जवळून.)

हे सगळे वाया गेलेले दाणे. परत भांड्यात टाका, परत फिरवा.

आता पद्धत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर जवस घाला, वाटीभरापेक्षा जास्त एका वेळी नको. सतत हलवत राहा. तीन-चार मिनिटांत तडतडायला लागतं. तडतड जोरात सुरू झाली, खमंग वास आला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलं तर उरलेल्या उष्णतेने करपतं आणि कडू होतं. "भाजल्यावर ओमेगा-३ मरतं ना?" नाही, एवढ्या भाजण्याने फारसं कमी होत नाही. दळलेलं जवस घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थांतही एएलए बरंचसं टिकलेलं आढळलंय. थोडं भाजण्याचा फायदाही आहे. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, ती उष्णतेने कमी होतात. रोजच्या दोन चमच्यांत घाबरण्यासारखं काही नाही, पण कच्ची पूड वाटीभर खाण्याचे प्रयोग करू नका.

भाजलेलं जवस पूर्ण थंड होऊ द्या. गरम दळलं की तेल सुटतं, पूड पात्याभोवती चिकटते आणि मध्ये दाणे अख्खे राहतात. लहान भांडं घ्या, अर्ध्यापर्यंतच भरा, आणि सलग न फिरवता आठ-दहा सेकंदांच्या झटक्यांनी दळा. मध्येमध्ये भांडं हलवून कडेचं खाली घ्या. चटणी करायची असेल तर वाटीभर जवसाला आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, चवीपुरतं मीठ. लसूण कढईत चांगला कोरडा करून घ्या. कच्च्या लसणाच्या ओलाव्याने चटणी लवकर बिघडते. मिरच्या आणि जिरं आधी बारीक करा, मग जवस घाला, म्हणजे जवस नीट दळलं गेलं का ते कळतं.

साठवण. साल फुटली की तेलाचा हवेशी संबंध आला. एएलए मध्ये दुहेरी बंध तीन, म्हणून ते लिनोलेइक आम्लापेक्षा लवकर खवट होतं. अख्खं जवस कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. दळलेलं मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये, आणि आठवडा-दहा दिवसांत संपेल एवढंच. चौघांना माणशी रोज सरासरी १० ग्रॅम म्हटलं तर आठवड्याला पाव किलोच्या थोडं वर. रविवारी एकदा दळायचं. दुकानातली तयार जवस पूड कधी दळली, किती दिवस उन्हात फळीवर होती, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी ती घ्या असं सांगणार नाही. खवटपणा ओळखायचा वासावरून. ताज्या पुडीला दाण्यासारखा खमंग वास येतो, बिघडलेलीला ऑइलपेंटसारखा. तो वास आला की चटणी टाकून द्या, जास्त तिखट घालून खपवू नका.

खायचं कसं, तर भाकरीबरोबर चटणी, पोळीच्या कणकेत माणशी चमचाभर, ताकात, वरणावर. त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या, नाहीतर एवढ्या चोथ्याने उलट बद्धकोष्ठ होतं. गोळ्या चालू असतील तर गोळी आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि रक्त पातळ करणारं औषध असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चार ते आठ वर्षांच्या मुलांना ०.९ ग्रॅम एएलए लागतं, म्हणजे दळलेल्या जवसाचे दोन लहान चमचे भरपूर झाले. लाडवात घालणार असाल तर तिथेही दळूनच. लाडवात अख्खे दाणे दिसायला छान दिसतात, पण मूल ते चावत नाही.

बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवांबद्दलही विचारता. अळिवाच्या तेलात जवळपास एक तृतीयांश एएलए असतं, म्हणून लाडवाला नक्कीच अर्थ आहे. पण एका लाडवात अळीव पाचेक ग्रॅमच जातं, त्यातून ०.४ ग्रॅमच्या आसपास मिळतं. जवसाला जोड म्हणून उत्तम, जवसाच्या जागी नाही. घोळाची भाजीही तशीच. पालेभाज्यांत ती वरचढ, तरी १०० ग्रॅमला ०.३ ते ०.४ ग्रॅम.

आता दुप्पट का धरायचं ते. एएलए खाल्लं म्हणजे मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारं डीएचए मिळालं असं नाही. ईपीए आणि डीएचए ही माशांत मिळणारी ओमेगा-३ मेदाम्लं. शरीर एएलए पासून आधी ईपीए आणि मग डीएचए बनवतं, पण फार थोडं. पुरुषांत डीएचए पर्यंत पोचणारा वाटा अगदी नगण्य, तरुण स्त्रियांत जरा जास्त. त्यातही हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ओमेगा-६ साठीही तेच वापरलं जातं. एकाच गिरणीवर दोन धान्यांची रांग लागावी तसं. ओमेगा-६ ची पोती पुढे लावली तर एएलए चा नंबर लागत नाही. म्हणून रोज जवस खाऊन वर सगळा स्वयंपाक करडई, सूर्यफूल किंवा सरकीच्या तेलात केला, तर निम्मी मेहनत तिथेच अडकते. फोडणीला शेंगदाण्याचं तेल घ्या, त्यात लिनोलेइक आम्ल सुमारे एक तृतीयांशच असतं. मोहरीचं तेल आवडत असेल तर आलटून पालटून घ्या. त्यात थोडं एएलए ही आहे. सोयाबीन तेलात सात टक्के एएलए असतं हे खरं, पण निम्मं लिनोलेइक आम्लही असतं, आणि पुन्हा पुन्हा तळणीत उकळलं की आधी एएलए च खराब होतं.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मात्र फक्त जवसावर राहू नये. डॉक्टरांशी बोलून शैवालाच्या तेलाची कॅप्सूल घ्यावी, आणि जवसाचं प्रमाणही त्यांनाच विचारावं. मासेसुद्धा डीएचए स्वतः तयार करत नाहीत, सूक्ष्म शैवालातूनच ते त्यांच्याकडे येतं. आपण थेट तिथून घ्यायचं. पाकिटावर पुढे ठळक '५०० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं, ते बहुधा तेलाचं वजन असतं. मागे उलटून डीएचए किती मिलिग्रॅम ते वाचा. प्रौढाला ईपीए आणि डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम पुरतात, गरोदरपणात त्यावर १०० ते २०० मिलिग्रॅम डीएचए अधिक. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून येतं. हिरवा ठिपका बघूनच घ्या.

शेवटचा प्रश्न, आणि यासाठी जरा थांबून ऐका. "रंगाच्या दुकानात अळशीचं तेल स्वस्त मिळतं, तेच चालेल का?" नाही. अजिबात नाही. अळशी म्हणजे जवसच, पण रंगकामाचं 'डबल बॉइल्ड' तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं मिसळतात. ते विष आहे. खाण्याचं जवसाचं तेल वेगळं: थंड दाबाने काढलेलं, गडद बाटलीतलं, एफएसएसएआयचा क्रमांक असलेलं. एका लहान चमच्यात सुमारे २.४ ग्रॅम एएलए मिळतं. फोडणीला वापरू नका, शंभर अंशांच्या थोडं वर जाताच ते धुरायला लागतं. कोशिंबिरीवर, चटणीवर, ताटातल्या गरम भाकरीवर वरून घाला. बाटली लहान घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, दीड महिन्यात संपवा, आणि उघडलेल्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा.