काठीने झोडपायची सतरंजी आणि तीन मोटरचं मशीन

(गच्ची, सकाळ. आधी नुसता आवाज, मग चित्र.)

हा आवाज ओळखलात ना? दिवाळीच्या आधीचा. सतरंजी गच्चीतल्या दोरीवर टाकायची, घरातलं जे पोरगं हाताला लागेल त्याच्या हातात काठी द्यायची आणि मग धपाधप, उन्हाच्या तिरिपेत धूळ अशी उडतेय, नाकाला रुमाल, आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडतंय की आमचे वाळत घातलेले कपडे खराब झाले.

आता हा हॉल बघा. पुण्यातला बँक्वेट हॉल. काल रात्री इथे लग्न झालं, आज संध्याकाळी कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम आहे, मधे साफसफाईच्या टीमच्या हातात सहा तास. खाली नायलॉनचं कार्पेट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेलं. हे काही गच्चीत नेता येत नाही. मग इथे काठी मारायची कशी?

कार्पेट क्लीनिंगच्या धंद्यात मशीन घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, किती वॉटचं आहे?

(दुकानातला शॉट. बॉक्सवरचे आकडे.)

बघा, बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय छापलंय, वॉट. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. कोण किती जेवतो यावरून तो काम किती करतो हे कळत नाही, घरोघरी उदाहरणं आहेत. युरोपियन युनियनने तर कोरड्या व्हॅक्यूमना 2014 मध्ये 1600 वॉटची आणि 2017 मध्ये 900 वॉटची मर्यादाच घातली, आणि तिकडची कार्पेटं काही तेव्हापासून घाण राहिलेली नाहीत.

मग बघायचं काय? त्यासाठी आम्ही एका बिल्डिंगच्या जिन्यात गेलो.

(जिना. खाली बादली, पारदर्शक नळी, वरच्या मजल्यावर मशीन.)

बादलीत पाणी आहे, दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाकलंय. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं वर मशीनला. सुरू करा. चढतंय... चढतंय... कठड्याच्या वर गेलं... आणि इथे, दोन मीटरच्या थोडं वर, थांबलं. याला वॉटर लिफ्ट म्हणतात. कॅटलॉगमध्ये हे मशीन 220 मिलीबारचं आहे. तेच दुसरा विक्रेता 22 किलोपास्कल म्हणून लिहील, तिसरा 88 इंच म्हणेल आणि चौथा 2240 मिलिमीटर छापेल कारण तो आकडा सगळ्यात दणदणीत दिसतो. चारही एकच. दोन मशीनची तुलना करायची तर आधी एकाच मापात आणा, नाहीतर इंचवाला बिचारा उगाच बारीक वाटतो.

पण आता कान द्या. पाणी थांबलं तसा मोटरचा आवाज चढला, ऐकू येतंय? नळी पाण्याने भरलीय, हवा वाहायची थांबली, मोटरला ओढायला काही उरलंच नाही म्हणून ती मोकळी पळतेय. म्हणजे ओढ सगळ्यात जास्त आहे त्या क्षणी हे मशीन काडीचंही काम करत नाहीये. धूळ उचलून पिशवीपर्यंत नेते ती वाहती हवा, तिचा आकडा वेगळा, लिटर प्रति सेकंद किंवा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, 100 सीएफएम म्हणजे सेकंदाला साधारण 47 लिटर. आणि हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, एक पूर्ण चढला की दुसरा शून्य. काम होतं ते मधे कुठेतरी.

आता तीन मोटरचं मशीन. सगळ्यांना हेच हवं असतं, स्टीलचं, पिंपासारखं, चाकांवरचं. अशा मशीनमध्ये मोटरी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. शेजारी बसवल्या की हवा वाढते, लिफ्ट एका मोटरएवढीच राहते. एकामागे एक, मालगाडीसारख्या जोडल्या तर लिफ्ट वाढते. फरशीवर पाणी साचलंय, बेसमेंट भरलंय, तिथे तीन मोटर राजा. पण त्याला तुम्ही बारीक, लांबलचक होज पाइप लावला तर तिन्ही मोटरींची हवा त्या एकाच भोकातून जायला मागते आणि पाइपातच दमते. पाइप किती जाड, किती लांब, रबरी गॅस्केट कुठे फाटलंय का, हे कॅटलॉगमध्ये नसतं, ते हाताने चाचपूनच बघावं लागतं.

(जुने फोटो. लंडन.)

जरा मागे जाऊ. 1901, लंडन. ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर एका मशीनचं प्रात्यक्षिक बघतो, ते मशीन हवा फुंकून धूळ उडवत होतं. बूथ विचारतो, फुंकण्याऐवजी ओढली तर? शक्य नाही, असं उत्तर मिळतं. मग गडी एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या मखमली गादीवर रुमाल ठेवतो, त्यावर तोंड लावून जोरात श्वास ओढतो, खोकतो, रुमाल उलटा करतो, आणि खाली काळा डाग. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं.

हे त्याचं मशीन. घोडागाडी एवढं, खरं तर घोडागाडीच. आत पेट्रोलचं इंजिन, गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांबच लांब पाइप खिडकीतून घरात. 1902 मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच पद्धतीने साफ झाले. म्हणजे व्हॅक्यूमचं पहिलं मोठं नाव झालं तेच मुळी गालिच्यावर, आणि घरगुती नाही, व्यावसायिक कामात.

पण मला यातला जास्त आवडतो तो दुसरा माणूस. अमेरिकेत ओहायो राज्यातलं कँटन गाव, जेम्स मरे स्पँगलर, एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये साफसफाई करणारा. दम्याचा त्रास आणि काम काय, तर गालिचे झाडायचं. त्याने 1907 मध्ये पंख्याची मोटर घेतली, लाकडी खोकं, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा. आणि, हे महत्त्वाचं, पुढच्या बाजूला फिरता ब्रश लावला. बूथकडे अख्खं इंजिन होतं, याच्याकडे पंख्याची मोटर, म्हणजे नुसत्या ओढीवर याचं भागणारच नव्हतं. त्याला धूळ आधी उठवायला लागत होती. 1908 मध्ये पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूव्हर या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतलं, पुढचं नाव तुम्हाला माहितीये. 1926 मध्ये त्या कंपनीने ब्रशच्या रोलरवर धातूच्या पट्ट्याही बसवल्या, गालिचा आपटायला.

आपटायला! म्हणजे गच्चीतली काठी, मशीनच्या पोटात.

(काळं कापड, कार्पेटचे दोन तुकडे. रांगोळी.)

हा प्रयोग आम्ही स्वतः केला. एकाच रोलमधून कापलेले दोन तुकडे, दोन्हींवर सारखी रांगोळी टाकली. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड, धुळीला याहून चांगलं सोंग मिळत नाही. वरून आम्ही सगळे चपला घालून नाचलो, हे बघा, कॅमेरावालापण. लवेच्या, म्हणजे धंद्यातले लोक ज्याला पाइल म्हणतात तिच्या बुडापर्यंत गेली पाहिजे ना.

डावीकडे तीन मोटरचं पिंप, साधं नोझल. उजवीकडे एका मोटरचं अपराइट, म्हणजे दांडा धरून उभ्याने ढकलायचं मशीन, पुढे फिरता ब्रश, वॉट निम्म्याहून कमी. दोघांना सारखा वेळ. झाल्यावर दोन्ही तुकडे वरून एकदम स्वच्छ. गिऱ्हाईक असतं तर इथेच पैसे देऊन मोकळं झालं असतं.

आता उलटे करा, काळ्या कापडावर. टीममधल्या मावशी आहेत ना, मावशी, काठी.

(दहा फटके. आवाज तसाच ठेवा, वर निवेदन नको.)

डावीकडे बघा. आता उजवीकडे. उजवीकडेही पडलीच रांगोळी थोडी, खोटं कशाला सांगू, पण फरक तुमच्यासमोर आहे.

म्हणून कामासाठी पहिलं मशीन घेताय तर ते कोरडं आणि फिरत्या ब्रशचं घ्या. ब्रशला वेगळी मोटर असेल तर उत्तम, हवेवर फिरणारा ब्रश जाड लवेत अडकला की फिरायचा थांबतो. ब्रशची उंची वरखाली करता आली पाहिजे आणि बंदही करता आला पाहिजे, कारण सगळीकडे काठी चालत नाही. हाताने गाठी मारलेला काश्मिरी किंवा भदोहीचा गालिचा असेल तर ब्रश बंद, नुसती हवा, लवेच्या दिशेने, आणि झालरीपासून लांब, झालर एकदा रोलरने गिळली की मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघवत नाही. वळ्यांचं, लूपवालं कार्पेट असेल तरी ब्रश वर उचलायचा, एक धागा निघाला की स्वेटरसारखं उसवत जातं. मंडपात अंथरतात ते लाल कार्पेट, त्याला लवच नसते, तिथे साधं नोझल पुरतं.

पिशवीपण बघून घ्या. बारीक धूळ कापडाची भोकं बुजवते आणि पिशवी अर्धी रिकामी असतानाच हवा मंदावते, मग लोक म्हणतात मोटर गेली. मोटर नाही गेली हो, पिशवी झटका. मागून बाहेर पडणाऱ्या हवेला हेपा फिल्टर असेल तर चांगलंच, एच13 दर्जाचा फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड अशा कणांपैकीही 99.95 टक्के अडवतो. नाहीतर कार्पेटची धूळ खोलीच्या हवेत, आणि संध्याकाळपर्यंत परत कार्पेटवर.

(काळं पाणी, क्लोजअप.)

हा शॉट तुम्ही शंभर वेळा बघितला असेल. पारदर्शक नोझल, आत चहासारखं काळं पाणी पळतंय. एक्स्ट्रॅक्शन मशीन, पुढून साबणाचं पाणी फवारतं आणि लगेच मागच्या फटीतून ओढून घेतं. आम्हीपण घेतला हा शॉट, कोणाला मोह होत नाही. पण त्यातला बराचसा काळेपणा कोरडाच निघायला हवा होता, धुळीवर पाणी टाकलं की तिचा चिखल होतो आणि चिखल खाली बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये तर अक्षता, भिजून फुगल्या की पाइपात गच्च. आणि हळदीच्या डागावर आधी साबण फिरवला तर तो डाग डोळ्यांदेखत लाल होतो, हा बघा, झाला. घाबरू नका, हळद सोड्याला भेटली की लाल होतेच.

एक्स्ट्रॅक्शनचं मशीन निवडताना मात्र लिफ्टला मान द्या, लवेच्या बुडातलं पाणी वर खेचायचंय. मोटर बायपास हवी, म्हणजे थंड ठेवणारी हवा वेगळी आणि ओली हवा वेगळी. टाकीत फ्लोट हवा, पाणी भरलं की ओढ बंद करणारा, पण फेसाला फ्लोट ओळखत नाही, त्यामुळे फेस मारायचं औषध टाकीत आधीच टाका. दोन हजार वॉटच्या पुढचं मशीन असेल तर पंधरा-सोळा अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर, घरातलं एक्स्टेन्शन लावू नका.

हॉल साफ करणाऱ्या या टीमच्या दादांनी पहिलं मशीन वॉट बघून घेतलं होतं, ते पहिल्याच पावसाळ्यात फेस पिऊन जळलं, आणि ज्या ऑफिसचं कार्पेट ओलं राहिलं तिथे कुबट वास आला, ते गिऱ्हाईक गेलं. मावशींच्या पाठीचं आणि खोकल्याचं वेगळंच. असो.

(हॉल, दुपार. कोरडं काम संपलंय.)

आधी नुसत्या हवेने अक्षता उचलल्या, ब्रश बंद ठेवून, नाहीतर त्या छर्ऱ्यासारख्या उडतात. मग ब्रश. खुर्च्यांच्या रांगा होत्या तिथून, स्टेजच्या पायरीपाशी दोनदा, दारात चारदा, कारण सगळ्यांच्या चपला दारातच झटकल्या जातात. डाग पुसून झाले. पाणी अजून कुठेच लागलेलं नाही, एक्स्ट्रॅक्शनचं मशीन आता येईल.

रोलर काढलाय. जरीचे धागे, केस, गजऱ्याचा दोरा, कात्रीने कापून काढावं लागतं, दर कामानंतर.

आणि ही पिशवी. अक्षता काही सुटल्याच होत्या. रांगोळी. टिकल्या. एक केसांची पिन. हे काय आहे... थांबा, कॅमेरा जवळ घे... कानातल्याची फिरकी. मावशींनी ती पाकिटात घालून मॅनेजरकडे दिली, पाकिटावर कालची तारीख लिहिली.

(पाकीट. तारीख. मागे मशीन सुरू होतं.)