एकाच कपॅसिटरवर दोन जबाबदाऱ्या

मित्रहो,

विद्युत उपकरणांची रचना करणाऱ्या अभियंत्यांशी बोलताना एक तक्रार वारंवार कानावर येते. रचना पूर्ण होते, कवचाचे साचे तयार होतात, उत्पादन बाजारात आणण्याची तारीख ठरते आणि त्यानंतर ते उपकरण प्रयोगशाळेत चाचणीसाठी जाते. तिथे सुरक्षिततेची तपासणी एक गट करतो. विद्युतचुंबकीय सुसंगततेची, म्हणजे व्यवहारात आपण जिला ईएमसी म्हणतो तिची (उपकरणाने इतरांना विद्युतचुंबकीय व्यत्यय आणू नये आणि इतरांचा व्यत्यय स्वतः सोसावा), तपासणी दुसरा गट करतो. दोन अहवाल वेगवेगळ्या तारखांना येतात आणि वेगवेगळ्या फायलींत जातात. उपकरण मात्र एकच असते. या दोन गरजा त्या एका उपकरणात अगदी थोड्या भागांपाशी येऊन एकमेकींना भिडतात, आणि म्हणून त्यांचा विचार रचनेच्या पहिल्या दिवसापासून एकत्र झाला पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

ही फारकत का झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, १९०६ मध्ये स्थापन झाला. रेडिओ व्यत्ययासाठीची ‘सिस्पर’ ही समिती १९३४ मध्ये कामाला लागली, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न रेडिओ ऐकणाऱ्यांचा होता : शेजारच्या मोटरीमुळे किंवा यंत्रामुळे प्रक्षेपणात येणारी खरखर कशी मोजायची आणि कितीपर्यंत चालवून घ्यायची. सुरक्षिततेची मानके मात्र विजेचा धक्का, आग आणि भाजणे यांच्या अनुभवातून घडली. एका परंपरेने माणसाच्या शरीराचा विचार केला, दुसरीने रेडिओच्या ग्रहणाचा. आज एकाच पॉवर सप्लायमध्ये दोन्ही परंपरांचे नियम लागू होतात, पण ते लागू करणारी माणसे अजूनही बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या खोल्यांत बसतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वाय कपॅसिटर. पॉवर सप्लायमधला स्विचिंग ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वेळा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी काही दशक नॅनोसेकंदांत शेकडो व्होल्टचा चढउतार घडवतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये, तसेच ट्रान्झिस्टर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये, कोणी न बसवलेली थोडी कपॅसिटन्स असतेच. त्या वाटेने उच्च वारंवारितेचा प्रवाह उपकरणाच्या धातूच्या कवचाकडे आणि तिथून मेन्सच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, केबलवर जातो. प्रयोगशाळा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात केबलवर जे मोजते, त्यात या प्रवाहाचा वाटा मोठा असतो. त्याला उगमाकडे परतण्याची जवळची वाट द्यायची म्हणून फेज आणि अर्थ, तसेच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये कपॅसिटर बसवतात; हाच वाय कपॅसिटर. तो जितका मोठा, तितका ईएमसीचा आलेख खाली येतो. साहजिकच चाचणीत मर्यादा ओलांडली की पहिला हात या कपॅसिटरकडे जातो.

आता हाच कपॅसिटर मेन्सच्या ५० हर्ट्झच्या नजरेने पाहू. ४.७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह सतत अर्थकडे जात राहतो. अर्थची वायर जागेवर आहे तोपर्यंत हा प्रवाह कोणाला जाणवत नाही. ती तुटली, किंवा अर्थ नसलेल्या सॉकेटमध्ये उपकरण लावले गेले, की दोन समान कपॅसिटरांच्या मधोमध लोंबकळणारे कवच मेन्सच्या जवळजवळ निम्म्या व्होल्टेजला जाते आणि तो ०.३४ मिलिअँपिअर त्या कवचाला हात लावणाऱ्या माणसातून वाहतो. एका उपकरणापुरता तो बहुतेकांना झिणझिण्यांइतकाच जाणवेल. पण एका रॅकमध्ये, एकाच अर्थ वायरवर अशी दहा उपकरणे असली, तर बेरीज ३.४ मिलिअँपिअर होते, आणि स्थिर उपकरणांसाठी माहिती-तंत्रज्ञानाच्या मानकात वर्षानुवर्षे असलेली मर्यादा ३.५ होती. प्रत्येक उपकरणाचा अहवाल निर्दोष असूनही पूर्ण रॅक काठावर येऊन उभा राहतो. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय भागांत तर सामान्य स्थितीत रुग्णातून वाहू शकणाऱ्या गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे, म्हणजे एका कपॅसिटरच्या ०.३४ मिलिअँपिअरचा सुमारे चौतिसावा हिस्सा. तिथे कपॅसिटर मोठा करण्याची मुभा जवळपास उरतच नाही. मग कॉमन मोड चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा व्यत्ययाचा प्रवाह अडवणारे वेटोळे) वाढवा, ट्रान्सफॉर्मरमध्ये शील्ड घाला, किंवा स्विचिंगच्या कडा मंद करा, म्हणजे चालू-बंद होण्याचा चढउतार हळू करा. कडा मंद केल्या की ट्रान्झिस्टर अधिक तापतो, आणि तापमान हा पुन्हा सुरक्षिततेचाच प्रश्न. या चक्रातून बाहेर पडण्याची जागा रचनेच्या टेबलावरच सापडते. प्रयोगशाळेत, गाडी सुटायच्या घाईत, ती सापडत नाही.

या कपॅसिटरविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते. वाय कपॅसिटर शॉर्ट होऊन निकामी होऊ नये अशी अपेक्षा असते. त्यासाठी वाय-२ वर्गाच्या भागाला ५ किलोव्होल्टच्या आणि वाय-१ वर्गाच्या भागाला ८ किलोव्होल्टच्या आवेगाची, म्हणजे क्षणिक उच्च व्होल्टेजची, परीक्षा द्यावी लागते. त्याच मूल्याचा, जवळपास त्याच आकाराचा साधा सिरॅमिक कपॅसिटर त्याच्या जागी बसवला, तर ईएमसी मोजणाऱ्या रिसिव्हरला काहीही कळणार नाही. आलेख हुबेहूब तोच येईल. उपकरण चालेल, दिसायला तेच दिसेल. फरक फक्त भागावरच्या छोट्या अक्षरांत असेल आणि एखाद्या वादळी रात्री लाइनवर आलेल्या सर्जमध्ये, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीत, तो उघडकीला येईल. खरेदी विभागाने पुरवठा तुटल्यामुळे केलेला हा बदल कोणी वाईट हेतूने केलेला नसतो; पण ज्या अभियंत्याने मूळ भाग निवडला, त्याला तो बदल कळवलाच गेला नाही, तर त्याच्या सहीला काही अर्थ राहत नाही.

उलट दिशेनेही तेच घडते. मेन्सची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये पृष्ठभागावरून पुरेसे अंतर, म्हणजे क्रीपेज, मिळावे म्हणून सर्किट बोर्डात चीर पाडतात. चीर योग्य जागी असली तर हरकत नाही. पण ती वाढवत वाढवत ग्राउंड प्लेनमध्ये, म्हणजे परतीच्या प्रवाहासाठीच्या तांब्याच्या थरात, घुसली आणि तिच्यावरून एखादी क्लॉकच्या वेगवान संकेताची रेषा गेली, तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि ते वळण अँटेनासारखे वागू लागते. सुरक्षिततेचा निरीक्षक समाधानी होतो, ईएमसीच्या कक्षात मात्र नवे शिखर उभे राहते. किती थोड्या प्रवाहाने हे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे : एक मीटर लांबीच्या केबलवर ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड प्रवाह असला, तरी तीन मीटरवर विद्युत क्षेत्र सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर भरते, आणि घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेतील मर्यादा या पट्ट्यात १०० आहे. एवढ्याशा प्रवाहावर निकाल अवलंबून असताना केबल टेबलावर कशी ठेवली यानेही फरक पडतो, आणि म्हणून मर्यादेच्या अर्ध्या डेसिबलने खाली उतरलेल्या एका नमुन्यावर समाधान मानणे मला पटत नाही. विकिरित उत्सर्जनाच्या, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या व्यत्ययाच्या, मोजमापाची मान्य अनिश्चिततादेखील सहा डेसिबलच्या घरात आहे. शिवाय सिस्परचा संकेत असा, की किमान ८० टक्के विश्वासाने किमान ८० टक्के उत्पादन मर्यादेत असावे. तो एका निवडक नमुन्याविषयी बोलत नाही.

आतापर्यंत मी उत्सर्जनाविषयी बोललो. व्यत्यय सोसण्याच्या क्षमतेकडे, म्हणजे इम्युनिटीकडे, वळले की सुरक्षितता आणि ईएमसी यांच्यातली रेषाच पुसली जाते. निवासी वापराच्या बऱ्याच उपकरणांची परीक्षा ३ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्रात होते. दोन वॅट शिखरशक्तीने प्रक्षेपण करणारा मोबाईल फोन एक मीटरवर सुमारे १० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र निर्माण करू शकतो. म्हणजे परीक्षेतले क्षेत्र हे तीन मीटर दूर धरलेल्या फोनचे क्षेत्र झाले, आणि फोन कोणी तीन मीटरवर धरत नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांच्या बाबतीत हाच धोका पुढे आणला होता. रेडिओ लहरींमुळे ब्रेक सुटू शकतात आणि खुर्ची आपोआप हलू शकते, हे लक्षात आल्यावर २० व्होल्ट प्रति मीटरपर्यंतची क्षमता आणि वापरणाऱ्यांसाठी सूचना यांचा आग्रह धरला गेला. वैद्यकीय उपकरणांच्या ईएमसी मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत जवळच्या प्रक्षेपकांसाठी काही वारंवारितांना २८ व्होल्ट प्रति मीटरपर्यंतच्या चाचण्या आल्या. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, तरीही चाचणी नव्या कोऱ्या उपकरणावर, एका वेळी एकाच प्रकारच्या व्यत्ययाने होते. पाच वर्षांनी गंजलेला कनेक्टर, सैल झालेला शील्डचा स्क्रू आणि त्याच क्षणी लाइनवर आलेला सर्ज यांची एकत्र परीक्षा कोणी घेत नाही. ‘सुरक्षिततेशी निगडित कार्य चुकले तर काय होईल’ हा प्रश्न विचारून रचना करण्याची तंत्रे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या १८४८ या २०२० च्या मानकात मांडलेली आहेत. धोकादायक ऊर्जेचा स्रोत आधी ओळखा आणि मग त्याच्या व माणसाच्या मध्ये संरक्षण ठेवा, ही आयईसी ६२३६८-१ या सुरक्षितता मानकाची दृष्टीही त्याच जातीची आहे. मानकातले आकडे पाठ करण्यापेक्षा हा प्रश्न विचारण्याची सवय तरुण अभियंत्यांना लागावी, असे मला मनापासून वाटते.

शेवटी बदलांविषयी, कारण अहवाल हातात आल्यानंतरच बहुतेक बदल होतात. महत्त्वाच्या भागांची यादी बहुतेक कंपन्यांत असते, पण ती सुरक्षिततेच्या फाईलमध्ये पडून राहते आणि ईएमसी पाहणाऱ्याला तिचा पत्ता नसतो. माझी सूचना अशी आहे, की फिल्टरमधला प्रत्येक भाग, मेन्सचा ट्रान्सफॉर्मर, केबल, कवचाचे अर्थ जोडणारे स्क्रू आणि स्विचिंगची वारंवारिता ठरवणारे फर्मवेअर ही एकाच यादीत असावीत आणि त्यांतल्या कशाच्याही बदलपत्रावर दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांच्या सह्या असाव्यात. त्यांपैकी एकाने हरकत घेतली, तर ती तोंडी न ठेवता कारणासह बदलपत्रावरच लिहावी, म्हणजे ती ओलांडून पुढे जायचे असेल तर ते कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले हेही तिथेच लिहावे लागेल. बदललेला नमुना हाती आल्यावर भागांवरचे वर्ग-चिन्ह आधी डोळ्यांनी पाहावे, मग त्याच नमुन्यावर अर्थ तोडून गळतीचा प्रवाह मोजावा, आणि त्याच दिवशी लिस्न (मेन्स आणि उपकरण यांच्यामध्ये जोडून केबलवरचा व्यत्यय मोजू देणारे जाळे) जोडून मेन्सच्या केबलवरचा आलेख काढावा. या दोन मोजमापांसाठी मोठा कक्ष लागत नाही. ती कंपनीतल्या बाकावर एका दिवसात होण्यासारखी आहेत, आणि दोन्हींचे आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिता येतात.