विंचवाची तीन नावं

(दृश्य: रात्र. कोकणातल्या घरामागचा दगडी गडगा. टॉर्चच्या उजेडात लाल विंचू.)

हा कोकणातला लाल विंचू. याचा दंश हृदयावर कसा उठतो, हे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी या दंशावर कामाला आली. २०११ साली 'बीएमजे' या तशाच नियतकालिकात त्यांची ७० रुग्णांवरची चाचणी छापून आली. नुसतं प्राझोसिन, की सोबत प्रतिविषही? दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले.

त्यानंतर नवं काय आलं? तालुक्याच्या गावी बसून हे बघायचं तर पबमेड उघडायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही वैद्यकीय लेखांची सूची १९९७ पासून सर्वांना फुकट खुली आहे. गोषवारा बहुतेकदा दिसतो, पूर्ण लेख मिळेलच असं नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा. शोधाची चौकट.)

चौकटीत लिहा: स्कॉर्पियन स्टिंग प्राझोसिन. अवतरणचिन्हं नकोत. आता 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जा, खाली 'हिस्टरी'त त्या शोधापुढचा 'डिटेल्स'चा बाण दाबा. आपण तीनच शब्द टाकले, पण यंत्रानं त्यांचा परिच्छेद केलेला दिसेल. एकवचनाला अनेकवचन जोडलं, आणि 'मेश' या ठरीव विषयशब्दांच्या यादीतले शब्दही घातले. हा परिच्छेद वाचल्याशिवाय निकालांच्या आकड्यावर विसंबू नये.

अवतरणचिन्हं घातली की ही सगळी भर थांबते. 'स्टिंग' लिहिलं तर 'स्टिंग्ज'वाले लेख गळतात. शोध नेमका झाला असं वाटतं, आणि निम्मं हाताबाहेर गेलेलं असतं.

आणखी एक खोच. पबमेड 'अँड' आणि 'ऑर' डावीकडून उजवीकडे सोडवतं. 'प्राझोसिन अँड स्टिंग ऑर एन्व्हेनोमेशन' असं लिहिलं, तर शेवटच्या शब्दामुळे विषबाधेचे सगळेच लेख आत येतात, सापांचे धरून. 'स्टिंग ऑर एन्व्हेनोमेशन' कंसात टाका. हे जोडशब्द मोठ्या लिपीत लिहायचे, हेही विसरू नका.

(दृश्य: जुन्या-नव्या लेखांचे मथळे, एकाखाली एक.)

आता खरी मेख. या विंचवाचं शास्त्रीय नाव आधी ब्युथस टॅम्युलस होतं, मग मेसोब्युथस झालं, आता हॉटेनटोटा. २०११ च्या लेखाच्या मथळ्यात मेसोब्युथस आहे. फक्त नव्या नावानं शोधणाऱ्याच्या हातून तोच लेख निसटू शकतो. म्हणून तिन्ही नावं 'ऑर'नं जोडून एका कंसात ठेवायची. औषधांचंही तसंच: पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं. पण ते यंत्राला ठाऊक आहे, विंचवाच्या नावांचा भरवसा धरू नका.

डाव्या बाजूचे फिल्टर जपून वापरा. 'ह्यूमन्स'वर टिचकी मारली की मेशचे शब्द अजून न लागलेले लेख गायब होतात, आणि ते बहुधा सगळ्यांत ताजे असतात. शिवाय एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधालाही चिकटून राहतो. कालचा 'गेली ५ वर्षं' आज वेगळ्याच विषयाला कात्री लावतो. निकालांच्या वर तशी सूचना असते, पण बारीक.

शोध मनासारखा जमला की चौकटीखाली 'क्रिएट अलर्ट' आहे. खातं लागतं. किती दिवसांनी, कोणत्या वारी आणि एका मेलमध्ये किती लेख हवेत ते ठरवा. विंचूदंशाला महिन्यातून एकदा पुरे. मधुमेहावर रोजचा अलर्ट लावला, तर आठवड्याभरात ती मेलं न उघडताच पुसली जातील. तिथे शब्द फक्त मथळा आणि गोषवाऱ्यात शोधायला लावा. शब्दामागे चौकटी कंसात टी-आय-ए-बी ही चार अक्षरं लिहिली की झालं.

(दृश्य: मोबाइलवर आलेला मेल. बोट पहिल्या मथळ्यावर.)

मेलमधला लेख उघडला की आधी वर नजर टाका. लेख मागे घेतला गेला असेल, तर ती नोंद तिथेच असते. अजून न छापलेल्या चाचण्या पबमेडमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी सीटीआरआय, भारताची चाचणी-नोंदवही, २००७ पासून चालू. तिथेही तिन्ही नावं टाकून बघायची, पण एकेक करून.