होडीचा तळ बघावा ओहोटीला

[दृश्य : देवबाग. ओहोटी. वाळूत कललेली होडी.]

होडी पाण्यात असली की अर्धीच दिसते. ओहोटीला ती कोरडी पडते, तेव्हा तिचा तळ नीट बघून घ्यावा.

ही होडी अरुंद, खालून गोलसर. नुसती पाण्यात लोटली, तर पहिल्या आडव्या लाटेला पालथी व्हायची. म्हणून एका बाजूला दोन वासे काढून त्यांच्या टोकांना ओंडका बांधलाय. ही उलांडी. होडी तिच्याकडे कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि तिला वर रेटतो. दुसरीकडे कलली, तर ओंडक्याचं वजन तिला मागे खेचतं. खाली खोल काहीच नाही, म्हणून गुडघाभर पाण्यातही चालते.

कोकणात उथळपणाला फार मोल. कर्ली नदी इथे समुद्राला मिळते आणि तोंडाशी वाळू साचते. बऱ्याच खाड्यांची हीच गत. खोल तळाचं जहाज इथे रुतणारच.

[दृश्य : गुराबेचं रेखाचित्र]

मराठा आरमाराच्या गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, दोन-तीन डोलकाठ्यांची, तरी बेताचीच खोल. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब झेपावलेली आणि तिच्यावरून थेट समोर डागायच्या तोफा. म्हणजे शत्रूकडे तोंड करूनच मारा. गलबतं त्याहून लहान, शिडावर आणि वल्ह्यांवरही चालणारी. वारा पडला की तीच गुराबांना ओढून नेत.

1679 साली खांदेरीला याचा कस लागला. शिवाजी महाराजांनी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तो थांबवायला मुंबईहून इंग्रजांची जहाजं आली. वारा पडला की ती जागच्या जागी. मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ही मारत रात्री रसद पोचवायच्या, मागे कोणी लागलं तर नागावच्या खाडीत शिरायच्या. किल्ला बांधून झाला.

पण उथळ तळाची किंमत मोजावी लागते. वारा बाजूने आला की बोट पुढे जाते, तशी आडवीही घसरते. घसरण रोखायला पाण्याखाली खोल कील, म्हणजे तळाला बसवलेली उभी पात, हवी. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या 56 फुटी ‘म्हादेई’ला ती आहे. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. बोट अप्रतिम, यात वादच नाही. पण या खाडीत तिचं काही काम नाही.

आपल्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांनी वाऱ्याशी भांडणच टाळलं. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. जूनमध्ये समुद्र खवळला की होडी वर ओढायची, झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही.