लग्नाची फोटोग्राफी: बॅगेत काय हवं, आणि काय दोन-दोन हवं

नमस्कार मंडळी. लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच घ्यायला लागलेली मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, दादा, बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलीही घ्या, पण दोन घ्या. दोन लाखांची एक घेण्यापेक्षा लाख-लाखाच्या दोन घ्या.

मुहूर्ताची वेळ डोळ्यांपुढे आणा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षतांचा पाऊस पडतो आणि हार गळ्यात पडतात. मिनिटभरात सगळं उरकतं. गुरुजींना 'परत एकदा' म्हणायची सोय नाही. नेमका तेव्हाच कॅमेरा अडकला, कार्ड एरर आली, तर दुसरी बॉडी खांद्यावर असली पाहिजे. बॅगेत नाही, खांद्यावर. एकीला 24-70 एमएमची झूम लेन्स (जवळचं, रुंद दृश्य घ्यायला), दुसरीला 70-200 (लांबचं जवळ आणायला), दोन्ही एफ 2.8 (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). म्हणजे हळदीच्या नि अक्षतांच्या धुरळ्यात लेन्स काढायची वेळच येत नाही. दोन्ही लेन्सना हूड लावूनच ठेवा.

बॉडी घेताना दोन कार्ड स्लॉट आहेत ना, एवढं मात्र नक्की बघा. मेन्यूत दुसरा स्लॉट बॅकअपवर टाका, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो. ओव्हरफ्लोवर ठेवलात तर पहिलं कार्ड भरल्यावरच दुसरं सुरू होतं, आणि मग दोन स्लॉट असून उपयोग काय?

आता लाइट. माझ्या मते पैसे इथे घाला. आपल्या कार्यालयांत स्टेजवर पिवळे एलईडी, हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूब, वर व्हिडिओवाल्यांचा लाइट. छत पांढरं असेल तर फ्लॅश वर वळवून बाउन्स करा, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली येऊ द्या, सुंदर मऊ प्रकाश येतो. पण मांडवाला वरून गुलाबी कापड लावलेलं असेल तर सगळं वऱ्हाड गुलाबी दिसेल. तिथे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, स्टँडवर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावायचा आणि ट्रिगरने, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेल्या बिनतारी बटणाने, मारायचा. म्हणून फ्लॅश दोन आणि ट्रिगर एक, हे यादीत वरती लिहा. स्टेज पिवळा असेल तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, म्हणजे माणसं आणि मागचं डेकोरेशन एका रंगात येतं.

अजून एक. विधी चालू असताना आवाज नको म्हणून बरेच जण सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. सायलेंट शटरला फोटोवर आडवे पट्टे येतात ते यामुळेच. मेकॅनिकल, म्हणजे नेहमीचं आवाज करणारं शटर वापरा, वेग 1/100 सेकंदावर ठेवा. डिमरवाल्या डेकोरेशनच्या दिव्यांचं गणित वेगळं असतं, तेव्हा कार्यालयात पोचल्या पोचल्या टेस्ट शॉट काढून झूम करून बघा.

पोर्ट्रेटला 85 एमएम हवीच. 1.8 ची लेन्स चांगली मिळते, 1.4 साठी कर्ज काढू नका. कारण सांगतो. फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) दोन मीटरवरून एफ 1.8 ला फोटो काढला, तर शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढा भाग, जेमतेम 6 सेंटीमीटरचा येतो, त्यातला निम्मा डोळ्याच्या पुढे. नवरीची नथ त्याच्याही पुढे असते. डोळा शार्प, नथ पुसट! ज्या मुलीने एवढी हौसेने नथ घातली, तिला हा फोटो कसा आवडेल? एफ 4 ला या. पट्टा साधारण 13 सेंटीमीटरचा होतो, मोती न् मोती दिसतो.

नथ डाव्या बाजूला असते, म्हणून मुख्य लाइट तिच्या डाव्या हाताकडून द्या. उजवीकडून दिलात तर नाकाची सावली नथीवरच पडते. आणि लाइट फार उंच नको, नाहीतर नथीची सावली ओठावर उतरते. मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणलात तर सावली इतकी मऊ होते की जाणवत नाही. मुंडावळ्या मात्र प्रत्येक क्लिकच्या आधी डोळ्यावरून बाजूला करायला सांगा, फोकस त्यांच्यावर अडकतो.

बाकी नेहमीचंच. बॅटऱ्या, सेल, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, रिफ्लेक्टर. गोरज मुहूर्त असेल तर मिनिटा-मिनिटाला उजेड उतरतो, फ्लॅश आधीच लावून तयार ठेवा.

सगळं एकदम विकत घ्यायची गरज नाही. दोन बॉडी, 24-70, 85 आणि दोन फ्लॅश एवढं स्वतःचं करा. 70-200 पहिल्या सीझनला भाड्याने आणा. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतात आणि मोठ्या तारखांना भाड्याची लेन्स हाती लागत नाही, तेव्हा ऑर्डर पक्की झाली त्याच दिवशी लेन्स सांगून ठेवा. आणि आदल्या दिवशी घरी आणून स्वतःच्या दोन्ही बॉडींवर लावून बघा.