सह्याद्री डोंगर नाहीच, ती पठाराची तुटलेली कड आहे

जुनं महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ. गोमुखातून हे जे पाणी पडतंय त्यात पाच नद्या मानतात, कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. यातली सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला अरबी समुद्राला मिळते, शंभरेक किलोमीटरमध्ये विषय संपला. कृष्णेलाही तोच समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, सांगली, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं जवळपास १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते.

कारण सगळं पठारच पूर्वेला कललंय. आणि ते कललं, तुटलं, वर उचललं गेलं यामागे जमिनीच्या पोटातल्या उलाढाली आहेत. त्यांचीच ही गोष्ट.

आधी एक गैरसमज काढू. आपण सह्याद्रीला डोंगररांग म्हणतो, शाळेच्या नकाशात पण तशीच दाखवतात, आणि महाडच्या बाजूने मान वर करून बघितलं तर भिंतच दिसते. पण पुण्याहून लोणावळ्याला गाडीने जा. पुणं ५६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे चढलो असं काही वाटतच नाही, आणि खंडाळा ओलांडला की एकदम पायाखालची जमीन गेल्यासारखा उतार, पंधरा-वीस मिनिटांत थेट खोपोली. म्हणजे डोंगर चढून पलीकडे उतरलो असं झालंच नाही, आपण फक्त पठाराच्या टोकावरून खाली आलो. हिमालयाचं वेगळंय, तिथे दोन प्लेटा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, एकमेकींत घुसल्या, थरांच्या घड्या पडल्या आणि पर्वत वर आले. सह्याद्रीत तसल्या घड्या शोधून सापडायच्या नाहीत, इथे माथ्यावरचे थर जवळजवळ आडवेच आहेत.

हे थर आले कुठून? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आजच्या जागेपासून खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेला सरकत होता, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या पुढे, आजच्यापेक्षा तिप्पट वेगाने. सरकता सरकता तो एका हॉटस्पॉटवर आला, म्हणजे जिथे कवचाखालच्या खोल थरातून, मँटलमधून, तापलेला खडक सतत वर येत असतो अशा जागेवर. कवच ताणलं गेलं, भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून लाव्हा पसरत गेला. चित्रात असतो तसला धूर ओकणारा टोकदार ज्वालामुखी डोक्यातून काढून टाका. एक लोट आला, थिजला, मग कधी कधी इतका काळ शांतता की वर माती झाली, तळी झाली, त्यात जीव राहायला लागले (वरळीच्या अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळालेत, आज तिथे जागेचा भाव काय आहे ते बेडकांना माहीत नाही), आणि मग पुढचा लोट. असं होत होत महाबळेश्वरच्या बाजूला थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली. झिजून झिजून आज जो लाव्हा उरलाय तोही ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. आणि तो हॉटस्पॉट अजून थंड झालेला नाही, आपण पुढे निघून आलो, तो मागे राहिला. आज त्याच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे, तिथला पिटों द ला फोर्नेज ज्वालामुखी दर थोड्या वर्षांनी पेटतोच.

कॅमेरा जरा घाटातल्या या कापलेल्या दरडीजवळ नेऊ. खाली हा काळा, घट्ट बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. वर सरकलं की तोच दगड भोकाभोकांचा होतो, कारण लाव्ह्यातला गॅस वर येऊन तिथेच अडकला. काही भोकांत पांढरे, हिरवट स्फटिक बसलेत, नंतर झिरपलेल्या पाण्याने ते हळूहळू तयार केले, आपल्याकडे त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. त्याच्या वर हा हातभर रुंदीचा तांबडा पट्टा. ही दोन लोटांमधल्या शांततेतली माती, वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. आणि तिच्यावर परत घट्ट काळा दगड. घट्ट थर उभा कडा होऊन टिकतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. गड बांधणाऱ्यांना भूगर्भशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठला कडा तासायची गरज नाही हे त्यांना बरोबर कळत होतं.

आता तुटण्याची गोष्ट. आज हिंदी महासागरात जी सेशेल्स बेटं आहेत त्यांचा तुकडा त्या काळात भारताला पश्चिमेकडून चिकटलेला होता. लाव्ह्याचा मोठा भर ओसरल्यावर, साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तो सुटला, मध्ये समुद्राचा नवा तळ तयार होत गेला आणि आपली पश्चिमेची कड ताणली गेली, खचली. त्याची खूण बघायची तर पनवेलला. घाटमाथ्यावर आडवे असलेले थर इथे पलंगावरून लोंबणाऱ्या चादरीसारखे पश्चिमेला वाकलेत आणि मुंबईतले थर तर समुद्राकडे उतरतेच आहेत. कोकणातले गरम पाण्याचे झरे पण याच भेगाळलेल्या पट्ट्यात, गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत जणू ओळीने मांडलेत. खाली ज्वालामुखी धगधगतोय असं लोक सांगतात, तसं काही नाही, पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. (आणि हो, लोणारचं सरोवर यात धरू नका, ते पोटातून नाही, आभाळातून पडलेल्या उल्केने झालंय.)

कडा मूळचा आज दिसतो तिथे नव्हता, समुद्राकडे होता. कोकणातल्या नद्या लांबीने छोट्या पण उताराला जबर, त्यात तिथला पाऊस, त्यांनी कडा खात खात मागे पूर्वेला ढकलला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की डोंगर झिजला की तो बुटका व्हायला पाहिजे ना, पण कोकणावरचं एवढं ओझं धुऊन गेल्यावर खालचं कवच हलकं झालं आणि हळूहळू वर उचललं गेलं, आणि त्याच्याबरोबर कड्याचा माथाही. पठार पूर्वेला कललंय त्यात या उचलीचाही हात. झीज आणि उचल दोन्ही एकाच वेळी चालू, म्हणून इतक्या कोटी वर्षांनंतरही कळसूबाई १६४६ मीटर आहे.

आता परत कोयनेकडे. महाबळेश्वरहून निघाल्यावर ही नदी कड्याला समांतर सरळ दक्षिणेला धावते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. वळणाच्या थोडं अलीकडेच धरण आहे. धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कड्याखाली पोफळीला सोडतात, साडेचारशे मीटरच्या पुढे पडतं ते, मुख्यतः त्या पडण्यावर १९६० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे आणि बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणला जातं.

१९६२ च्या आसपास पाणी साठायला लागलं आणि लहान लहान हादरे सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेलेले, थंडीचे दिवस, सगळे झोपेत. ६.३ चा भूकंप. कोयनानगर पडलं, सुमारे १८० माणसं गेली, धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, ती नंतर मजबूत करावी लागली. धरणाने भूकंप तयार केला असं म्हणणं अर्धवट आहे. भेगा आधीच होत्या, ताण आधीच साठलेला, पाण्याच्या वजनाने आणि खोल झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने त्या सुटल्या. कोयनेसारखं मोठं धरण नसलेल्या जागी पण असा ताण सुटतो, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको.

कोयनेजवळ गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय, भूकंप जिथून सुरू होतात त्याच्या जवळ जाऊन मोजायला. साधारण सव्वा किलोमीटर लाव्ह्याचे थर लागले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांच्या पुढचा. हादरे अजून येतात, बहुतेक २-३ रिश्टरचे, पावसाळ्यानंतर धरण भरलं की जरा जास्त.